महिरपी कंसातले बारा रुपये

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या अण्णामामांच्या पिशवीतून काय काय निघणार, हे मी गेली चाळीस वर्षे न चुकता सांगत आले आहे. आईसाठी साडी, तीही मोतिया रंगाची; मामींच्या हातच्या कडबोळ्यांचा डबा; आणि डोंबिवली स्टेशनाबाहेर घासाघीस करून घेतलेली अर्धा डझन मोसंबी. गेल्या भाऊबीजेला मात्र या तिन्हींच्या मागून एक लांबट पाकीट निघाले. मामांनी ते पाटाशेजारी ठेवले आणि आईचे ओवाळून होईपर्यंत त्याविषयी चकार शब्द काढला नाही. फराळाचे ताट पुढे आले तेव्हा त्यांनी चकलीसुद्धा मोडली नाही. तेव्हाच मला शंका आली.

“मीने,” ते म्हणाले, “तू जुनी कागदपत्रं वाचतेस ना? मग हे वाच.”

मी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि थोडीफार मोडी वाचते. मामांची अशी दृढ समजूत आहे की, ज्याला मोडी येते त्याला जगातले कोणतेही न कळणारे अक्षर आलेच पाहिजे. त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यासुद्धा औषधवाल्याच्या आधी माझ्याकडे येतात. मी पाकीट उघडले.

मामा ज्या कारखान्याच्या मुंबईच्या कचेरीत सदतीस वर्षे नोकरीला होते, तो कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. कामगारांनी दरमहा पगारातून पैसे घालून चालवलेला एक कल्याण निधी तेवढा मागे उरला होता. त्याचे विश्वस्त आता उरलीसुरली रक्कम सभासदांना वाटून हिशेब मिटवीत होते. मामांना आलेल्या पत्रात दोनच गोष्टी होत्या. आपल्या खात्यावर शिल्लक आढळत नाही, ही एक. आणि आपल्याकडून १२० रुपये कर्जबाकी येणे दिसते, ती भरावी, ही दुसरी. पुराव्यादाखल संगणकातून काढलेली एक ओळ जोडली होती. मामांचे नाव अगदी शुद्ध होते, खातेक्रमांक बरोबर होता. पुढे ‘शिल्लक’ या मथळ्याखाली एक कोरी जागा, एक तिरपी रेघ, इंग्रजीतले ‘अँड’चे वेटोळे आणि एक चांदणी: /&* अशी काहीतरी नक्षी होती. ‘कर्ज’ या मथळ्याखाली ००१२० हे आकडे आणि त्यांच्या शेपटाला एक बंद होणारा महिरपी कंस होता.

“पैशाचं मी म्हणत नाही,” मामा म्हणाले. “पैसे गेले तर गेले. पण कर्जबाकी? मी उभ्या जन्मात कुणाचा पैसा ठेवलेला नाही. शेवटचा हप्ता मी निवृत्तीच्या आधी फेडलाय.” आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस आईकडे असा बघू लागला की, जणू हप्ता फेडल्याची साक्ष तिनेच द्यायची होती.

त्या ओळीत मला काही वाचता येईना. मोडीत निदान एवढे तरी असते की, लिहिणाऱ्याला काही सांगायचे होते याची खात्री असते. इथे तीही नव्हती. कारकुनाने तो कंस कचरा समजून पुसला होता, नक्षीही कचरा समजून पुसली होती, आणि उरलेल्या १२० वर मामांचे सदतीस वर्षांचे चारित्र्य टांगले होते.

इतक्यात माझा भाचा ओंकार आला. हा ऐरोलीला एका कंपनीत आहे आणि तिथे बसून एका जर्मन विमा कंपनीची जुनी खाती सांभाळतो. ती खाती मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य संगणकावर आहेत. त्याच्या कामाविषयी आम्ही घरातली माणसे आदराने ऐकतो आणि लगेच विसरतो. त्याने तो कागद हातात घेतला, एकदा उजेडाकडे धरला आणि हसला. मामांना ते हसणे आवडले नाही.

“मामाआजोबा, हा कचरा नाही. ही तुमची रक्कम आहे. फक्त तिचं भाषांतर झालंय.”

रकमेचे भाषांतर कसे होते, हे कळायला मला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. वाचकांना चहा पाठवता येत नाही, तेव्हा थोडक्यात सांगते. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला फक्त संख्या ठाऊक. कोणत्या संख्येला कोणते अक्षर म्हणायचे याचे एक कोष्टक ठरवावे लागते. अमेरिकेत १९६३ साली असे एक कोष्टक ठरले, त्याचे नाव आस्की. आज आपल्या घरातली सारी यंत्रे त्याच घराण्यातली. पण पुढच्याच वर्षी, १९६४ च्या एप्रिलात, आयबीएमने सिस्टिम ३६० ही आपली मोठी यंत्रमाला जाहीर केली, आणि तिच्यात वापरले ते स्वतःचे वेगळे कोष्टक: एब्सिडिक. गंमत अशी की, आस्की ठरवणाऱ्या मंडळींत आयबीएमची माणसेही होती, आणि नव्या यंत्रात आस्कीची सोयसुद्धा ठेवलेली होती. ती फारशी कुणी वापरली नाही आणि पुढच्या यंत्रमालेत काढूनच टाकली. कारण गिऱ्हाइकांच्या कपाटांत भोके पाडलेली कार्डे गच्च भरली होती, आणि एब्सिडिक हे त्या कार्डांच्या वंशातले होते. घरात म्हातारी माणसे असली की नव्या सुनेला जसे जुन्या चालीरीती धरून राहावे लागते, तसेच म्हणायचे.

म्हणजे आस्कीत ‘ए’ या इंग्रजी अक्षराचा क्रमांक ६५, तर एब्सिडिकमध्ये १९३. जुन्या मेनफ्रेमवरची फाइल नव्या यंत्रावर आणताना दर क्रमांकाच्या जागी दुसरा क्रमांक घालावा लागतो. नावे, गावे, पत्ते यांना हे सुखाने चालते. घोटाळा होतो तो रकमांचा. त्या काळी साठवणीची जागा फार महाग, म्हणून रकमा दाटीवाटीने ठेवीत. गिरगावच्या चाळीत एका खोलीत दोन बिऱ्हाडे राहत, तसे एका घरात दोन आकडे. शेवटच्या घराच्या अर्ध्या भागात आकडा आणि उरलेल्या अर्ध्यात चिन्ह: रक्कम जमेची असेल तर सी, नावेची असेल तर डी. ही घरे अक्षरे नव्हेतच. पण भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीला कुणी तसे सांगितले नाही, तर ती बिचारी त्यांनाही अक्षरेच समजते आणि प्रामाणिकपणे भाषांतर करते. ४० हे दोन आकडे घरात होते. एब्सिडिकमध्ये ४० या खुणेचा अर्थ कोरी जागा. म्हणून तिने आस्कीतली कोरी जागा आणून ठेवली, आणि तिची खूण २०. चाळीसचे वीस झाले, तेही अगदी नियमाने!

“आणि नाव बरोबर आलं म्हणून कुणाला संशयच येत नाही,” ओंकार म्हणाला. “आमच्याकडे पहिला धडा हाच. नाव वाचता आलं म्हणजे फाइल बरोबर आली, असं कधी समजायचं नाही.”

मग त्याने एक कोष्टक काढले आणि मला पेन्सिल दिली. आता हे माझ्या हातखंड्याचे काम होते. उजवीकडचे चिन्ह शोधायचे, डावीकडची मूळ खूण लिहायची. कोरी जागा: ४०. तिरपी रेघ: ६१. अँडचे वेटोळे: ५०. चांदणी: ५ आणि सी. ओळीने लिहिले तर ४०६१५०५, आणि शेवटी सी, म्हणजे जमा. शेवटचे दोन आकडे पैशांचे. चाळीस हजार सहाशे पंधरा रुपये पाच पैसे.

आईने तेवढ्यात देवापुढे साखर ठेवली. मामा मात्र हलले नाहीत. “ते असू दे. कर्जाचं काय?”

इथे ओंकार किंचित अडखळला. “ही रक्कम दाटीची नाही, सुटी आहे. एका घरात एक आकडा. चिन्ह शेवटच्या आकड्यावरच बसवतात. पण माझ्या फाइलींत मी हा कंस बघत नाही. तिथं या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेला जर्मन यू येतो. थांबा, कोष्टक बघतो—”

“कोष्टक कशाला बघतोस?” मामा एकदम म्हणाले. त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या कंसावर बोट ठेवले. “अकरा-शून्य. उणे शून्य आहे हे!”

मामा कारखान्यात काय करीत, हे आम्हा पोरांना कधी धड ठाऊकच नव्हते. ‘मशिनवर असतात’ एवढेच आई सांगे, आणि मी लहानपणी त्यांना लेथसमोर उभे असलेले कल्पी. प्रत्यक्षात ते १९६६ साली तिथे कार्डे पंच करायला लागले होते. ऐंशी उभे रकाने आणि बारा आडव्या ओळी असलेले पुठ्ठ्याचे कार्ड, समोर पगारपत्रक, आणि दिवसभर बोटांखाली भोके. असल्याच कार्डांचे पूर्वज हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत वापरले, आणि त्याची कंपनी जिच्यात विलीन झाली तीच पुढे आयबीएम या नावाने प्रसिद्धीला आली, हे मी नंतर वाचले. मामांना हॉलरिथशी कर्तव्य नव्हते. त्यांना भोकांशी कर्तव्य होते.

“नवव्या ओळीत भोक म्हणजे नऊ,” ते सांगू लागले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला. “रक्कम उणे असली तर वेगळा रकाना कशाला घालवायचा? शेवटच्या आकड्यावरच, वर, अकराव्या ओळीत एक भोक जास्त. एकवर मारलं की जे झालं. दोनवर के. तीनवर एल. असं आरपर्यंत नऊ. शून्यावर मारलं की कुठलंच अक्षर होत नसे, ते असंच पडून राही. त्याला पुढं हा कंस दिलेला दिसतोय. म्हणजे बघ: शून्य शून्य एक दोन शून्य, आणि हा उणे शून्य. बाराशे पैसे. उणे बारा रुपये.”

“उणे कर्ज?” आईने विचारले.

“म्हणजे त्यांनी माझ्याकडून बारा रुपये जास्त कापलेत!” मामा म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं? शेवटच्या महिन्यात पगारपत्रक बघून मी शांताराम कारकुनाला म्हटलं होतं!” आणि त्यांनी एका दमात तीन कडबोळी खाल्ली.

ओंकारला हे उत्तर पाठ होते, पण त्याचे कारण त्याला ठाऊक नव्हते. रोज जर्मन यू बघून ‘हा उणे शून्य’ म्हणणाऱ्या त्या मुलाला तो यू मुळात पुठ्ठ्यातले एक जादा भोक आहे, हे त्या दिवशी कळले. इंग्रजी मुळाक्षरांच्या खुणांत ‘आय’नंतर आणि ‘आर’नंतर मध्येच खिंडार का आहे, हेही. तीन ओळींतली तीन प्रकारची भोके, आणि नऊनऊची माळ! दोघे मग कागदावर भोके काढत बसले. मी आणि आई ताटे उचलू लागलो.

हे सारे इथेच संपायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. “मीने, माझं निघालं. सावंतवहिनींचं काय?”

सावंत म्हणजे मामांच्या शेजारच्या मशिनवर बसणारे. ते जाऊन सहा वर्षे झाली. वहिनी लालबागला एकट्या राहतात. त्यांनाही ‘शिल्लक आढळत नाही’ असे पत्र आले होते आणि त्यांनी ते मुकाट्याने देवघरात ठेवून दिले होते. मामा लोकलने जाऊन ते घेऊन आले. त्यांच्या ओळीत पहिली तिरपी रेघ होती, आणि तिथेच ओळ मध्ये तुटली होती. खालच्या ओळीवर एक कोरी जागा आणि चांदणी.

ओंकारने ते पाहिले आणि या वेळी तो हसला नाही. रेघ म्हणजे ६१. कोरी जागा ४०, चांदणी ५ आणि सी. पण मधले घर? तिथल्या खुणेचे भाषांतर ‘इथे ओळ संपली’ असे झाले होते, म्हणून कागदावर ओळ तुटली. आणि एब्सिडिकमध्ये ओळ संपल्याच्या खुणा दोन आहेत: १५ आणि २५. काही आज्ञावल्या दोघींचेही भाषांतर एकच करतात. म्हणजे रक्कम ६१,१५४ रुपये ५ पैसे, नाहीतर ६१,२५४ रुपये ५ पैसे. शंभर रुपयांचा फरक, आणि कागदावरून तो सांगणे अशक्य.

हे मात्र मला लगेच उमगले. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच. पुढचेमागचे वाक्य पाहून आम्ही ठरवतो. पण रकमेला मागचेपुढचे वाक्य नसते. असा पाठ भ्रष्ट झाला की, चांगला संपादक आपल्या पदरचे घालीत नाही, जुनी प्रत शोधतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती वर्गात शिकवताना मी मुलांना एवढेच पुन्हापुन्हा सांगते. मी ओंकारला म्हटले, “मूळ प्रत असेल ना?”

“असलीच पाहिजे,” तो म्हणाला. “नसली तर देवाचं नाव घ्यायचं.”

पुढच्या शनिवारी तो आणि मामा निधीच्या कचेरीत गेले. मी सुट्टी असल्याचे निमित्त करून त्यांच्याबरोबर गेले. हिशेबनीस सज्जन होते. दोनतीन महिन्यांपासून त्यांच्याकडे शिव्या खाण्याचेच काम होते. ते म्हणाले की, यादीत खाती सापडतच नाहीत, क्रमच बदलला आहे. ओंकारने मान हलवली. एब्सिडिकमध्ये क्रम लावला की अक्षरे आधी आणि आकडे मागून. आस्कीत नेमके उलटे. जुन्या क्रमाने लावलेली यादी नव्या यंत्राला विस्कटलेली वाटते, आणि समोर असलेले खाते ते ‘नाही’ म्हणून सांगते.

मग त्याने एक साधा भागाकार केला. मला वाटते, त्या दिवसातले सर्वांत शहाणपणाचे काम ते होते. दर नोंद ऐंशी घरांची, जुन्या कार्डाइतकी. तेव्हा फाइलीतल्या एकूण घरांना ऐंशीने भागले तर बाकी शून्य उरली पाहिजे. भागले, बाकी उरली. कारण उघड होते. नव्या यंत्रावर ओळ संपल्याची खूण दोन घरांची असते. जिथे जिथे रकमेत ती दुर्दैवी खूण आली तिथे एक घर वाढले, आणि त्यामागची सगळी बिऱ्हाडे एकेक खोली पुढे सरकली. किती सभासदांच्या रकमा अशा सरकल्या असतील, याचा अंदाज हिशेबनिसांनी मनातल्या मनात केला असावा. त्यांनी रुमाल काढला.

सावंतवहिनींची हकीकत ऐकून ते गहिवरले. “दोन्हींतली मोठी रक्कम देऊन टाकू,” ते म्हणाले. “शंभर रुपयांसाठी विधवा बाईला कुठं थांबवता?”

मला ते पटले होते, हे कबूल करते. ओंकारही गप्प राहिला. मामा म्हणाले, “नाही. सावंताच्या हातचं कार्ड आहे. तो चूक करीत नसे. त्यानं जे मारलंय तेच द्या.”

मूळ प्रत एका लोखंडी कपाटात निघाली, वहीएवढ्या टेपच्या डबीत. ती वाचायचे यंत्र आता थोड्याच जणांकडे उरले आहे. त्यात चार महिने गेले. या वेळी ओंकारने बजावून सांगितले होते की, वाटेत कुणीही भाषांतर करायचे नाही. जशीच्या तशी उतरवायची, आधी ऐंशीने भागून बघायची, आणि मग एकेक रकाना वेगळा काढून त्याचे काय ते करायचे. नावाच्या रकान्याचे भाषांतर, रकमेचे नाही. रकमेची गाठ सोडायची. कोष्टकही विचारून घ्यायचे, कारण एब्सिडिकचीही देशोदेशी निरनिराळी कोष्टके आहेत. अमेरिकन कोष्टकात ज्या जागी डॉलरचे चिन्ह, त्याच जागी ब्रिटिश कोष्टकात पौंडाचे. कोष्टक चुकले की, एका रात्रीत सगळ्या पौंडांचे डॉलर होतात, आणि रिझर्व्ह बँकेला विचारावेही लागत नाही.

भागाकाराची बाकी शून्य आली. सावंतांच्या मधल्या घरात १५ होते. एकसष्ट हजार एकशे चोपन्न रुपये पाच पैसे. म्हणजे दोन्हींतली लहान रक्कम. मामा स्वतः चेक घेऊन लालबागला गेले आणि शंभर रुपयांची गोष्टही त्यांनी वहिनींना सांगितली. मी विचारले, “सांगायची काय गरज होती?” त्यावर ते म्हणाले, वहिनींनी पुन्हा चहा टाकला.

मामांचे नवे पत्र गौरी-गणपतीच्या आसपास आले. शिल्लक आणि जादा कापलेले बारा रुपये मिळून ४०,६२७ रुपये ५ पैसे. चेक त्यांनी त्याच दिवशी बँकेत भरला. पत्र मात्र मला दाखवायला घेऊन आले आणि ‘कर्जबाकी : निरंक’ ही ओळ माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. मी पाकीट उलटून पाहिले. त्यावर मामांचे आडनाव साफ चुकीचे छापलेले होते.

“असू दे,” मामा म्हणाले. “आकडे बरोबर आहेत.”